मतदान आधी, हिशेब नंतर

३१ जानेवारी २०१२ रोजी फ्लोरिडात रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीचं, म्हणजे अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीचं, मतदान झालं. मिट रॉम्नी यांना ४६ टक्के मतं पडली, न्यूट गिंगरिच यांना ३२. दहाच दिवसांपूर्वी साउथ कॅरोलायनात गिंगरिच यांनी रॉम्नींना ४० विरुद्ध २८ टक्क्यांनी हरवलं होतं. मधल्या दहा दिवसांत फ्लोरिडाच्या टीव्हीवर जे चाललं होतं, त्याची मोजणी जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या कँटार मीडिया या कंपनीने केली. शेवटच्या आठवड्यातल्या प्रचाराच्या जाहिरातींपैकी ९२ टक्के कुणावर तरी हल्ला करणाऱ्या होत्या. एकूण जाहिरातींतल्या ६८ टक्के गिंगरिच यांच्या विरोधात, २३ टक्के रॉम्नींच्या विरोधात. रॉम्नी का चांगले, हे सांगणारी जाहिरात त्या आठवड्यात जवळपास दिसलीच नाही.

या हल्ल्यांमागे सगळ्यात मोठा पैसा 'रिस्टोअर अवर फ्यूचर' या रॉम्नी-समर्थक सुपर पॅकचा, म्हणजे उमेदवारापासून वेगळं राहून प्रचारावर खर्च करणाऱ्या आणि कितीही देणगी घेऊ शकणाऱ्या गटाचा होता. २०११ च्या उत्तरार्धात आपल्याला कुणी किती पैसे दिले, याचा हिशेब त्या संस्थेला केंद्रीय निवडणूक आयोगाकडे द्यायचा होता. त्याची शेवटची तारीखही ३१ जानेवारीच होती. आयोवाने ३ जानेवारीला कौल दिला, न्यू हॅम्पशायरने १० ला, साउथ कॅरोलायनाने २१ ला आणि फ्लोरिडाने ३१ ला. म्हणजे चार राज्यांतले लोक मतदान करून घरी गेले आणि मग देणगीदारांची यादी उघडी झाली. नियमाचा भंग कुणी केला नव्हता. तारखाच तशा होत्या.

अशा निवडणुकीबद्दल बोलताना 'राजकारण किती घसरलं' हा सूर सहज लागतो. मला तो अपुरा वाटतो, कारण त्यात हल्ला करणं आणि हल्ला करणाऱ्याने तोंड लपवणं या दोन गोष्टी एकाच मापाने मोजल्या जातात. प्रतिस्पर्ध्याची उणीदुणी काढणं हा निवडणुकीचा भाग आहे आणि त्यातून मतदाराला कामाची माहितीही मिळते. स्वतःची स्तुती करणाऱ्या जाहिरातीत बायको, मुलं, झेंडा, गव्हाचं शेत यापलीकडे सहसा काही नसतं. हल्ला करणाऱ्याला मात्र निदान एखादी तारीख, एखादं मतदान, एखादा आकडा दाखवावाच लागतो. खरा घात होतो तो ही माहिती कुणाच्या पैशाने आपल्यापर्यंत आली, हे वेळेवर न कळण्यामुळे.

प्रायमरीत हा घात जास्त खोल असतो. नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदाराच्या हाताशी पक्षाचं नाव असतं. जाहिरात काही का सांगेना, बहुतेकांचं मत पक्षावर ठरलेलं असतं. प्रायमरीत सगळे उमेदवार एकाच पक्षाचे, करांबद्दल, बंदुकांबद्दल, गर्भपाताबद्दल जवळपास सारखंच बोलणारे. मग फरक दाखवायचा तर माणसाच्या वागण्यात, पैशात, जुन्या मतदानात. शिवाय बरेच मतदार या उमेदवारांना पहिल्यांदाच बघत असतात. पाटी कोरी असते, आणि तिच्यावर जो आधी लिहील त्याचं लिहिलेलं पुसायला फार खर्च येतो.

दोनांपेक्षा जास्त उमेदवार असले की हल्ल्याचा हिशेब आणखी बिघडतो. 'क'ने 'ख'ला खाली ओढलं, म्हणून 'ख'ची मतं 'क'कडे येतात असं नाही. ती शांत बसलेल्या 'ग'कडे जाऊ शकतात. २००४ च्या आयोवा कॉकसमध्ये (सभा भरवून होणाऱ्या पक्षांतर्गत निवडीत) डेमोक्रॅटिक पक्षाचे हॉवर्ड डीन आणि डिक गेपहार्ट एकमेकांवर तुटून पडले होते. १९ जानेवारीला निकाल लागला: जॉन केरी ३८ टक्के, जॉन एडवर्ड्स ३२, डीन १८, गेपहार्ट ११. गेपहार्ट यांनी लगेच शर्यत सोडली. त्याच प्रचारात, डिसेंबर २००३ मध्ये, ओसामा बिन लादेनचं छायाचित्र दाखवून 'डीन यांना परराष्ट्र धोरणाचा अनुभव नाही' असं सांगणारी एक जाहिरात आली होती. ती देणारा गट नवा, नाव गुळगुळीत. त्याला पैसे कुणी दिले हे आयोवाचा निकाल लागून गेल्यावर कळलं. सुपर पॅक हा शब्दसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता, पण तारखांचा खेळ तोच होता.

उमेदवाराला स्वतःच्या तोंडाने वाईट बोलणं महागात पडतं, म्हणून ते काम दुसऱ्याकडे जातं. यामागे कायद्याची एक बारीक रचना आहे. २००२ च्या प्रचारनिधी कायद्याने संघीय पदाच्या उमेदवारांना टीव्ही-जाहिरातीत स्वतः येऊन 'या संदेशाला माझी मान्यता आहे' असं म्हणणं बंधनकारक केलं. उमेदवार पूर्ण पडद्यावर दिसला पाहिजे, किंवा छायाचित्र वापरलं तर ते पडद्याच्या उंचीच्या ८० टक्के तरी हवं. खालची लेखी ओळ निदान ४ सेकंद राहिली पाहिजे आणि तिची अक्षरं पडद्याच्या उंचीच्या ४ टक्क्यांहून लहान नकोत. हेतू स्पष्ट होता: शिव्या द्यायच्या तर चेहरा दाखवून द्या.

मग २०१० साल आलं. २१ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने सिटिझन्स युनायटेड खटल्यात कंपन्या आणि संघटनांच्या स्वतंत्र खर्चावरची बंदी उठवली. मार्चमध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने स्पीचनाऊ खटल्यात सांगितलं, की केवळ स्वतंत्र खर्च करणाऱ्या गटाला कितीही देणगी घेता येईल. या दोन निकालांतून सुपर पॅक उभे राहिले. त्यांच्या जाहिरातीतही जबाबदारीचं वाक्य असतं, पण ते एका अनोळखी संस्थेच्या नावाने. 'आमचं भविष्य परत मिळवा' अशा अर्थाच्या नावावर कुणी चिडत नाही. आयोवात रॉम्नींच्या स्वतःच्या जाहिराती बऱ्याचशा सौम्य राहिल्या. गिंगरिच यांची सोलपट काढली ती रिस्टोअर अवर फ्यूचरने. डिसेंबरच्या सुरुवातीला तिथल्या पाहण्यांत पुढे असलेले गिंगरिच शेवटी १३ टक्क्यांवर, चौथ्या क्रमांकावर आले. ती संस्था चालवणारे लोक रॉम्नींच्या २००८ च्या मोहिमेत काम केलेले होते. त्यांना उमेदवाराशी आखणीबद्दल बोलायला मनाई असते. पण उमेदवाराला काय हवं ते वर्तमानपत्र वाचूनही समजतं. फोन करावा लागत नाही.

सुपर पॅकला दोन अडचणी मात्र असतात. प्रायमरीच्या आधीच्या ४५ दिवसांत टीव्ही-केंद्राला उमेदवाराकडून सगळ्यात कमी दर घ्यावा लागतो. सुपर पॅकला ही सवलत नाही, त्याच ३० सेकंदांसाठी ते कितीतरी जास्त मोजतात. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. उमेदवाराची जाहिरात केंद्राला मजकुरावरून नाकारता येत नाही, तिच्यात एक शब्द बदलता येत नाही, म्हणून तिच्यातल्या बदनामीची जबाबदारीही केंद्रावर येत नाही. सुपर पॅकची जाहिरात केंद्र नाकारू शकतं, आणि नाकारू शकतं म्हणूनच जबाबदारही ठरू शकतं. त्यामुळे जिच्यावर हल्ला झाला त्या बाजूचे वकील पहिलं पत्र सुपर पॅकला लिहीत नाहीत, टीव्ही-केंद्राच्या व्यवस्थापकाला लिहितात: अमुक वाक्य खोटं आहे, हा पुरावा, जाहिरात थांबवा. समोरून तासाभरात पुराव्यांची जाडजूड फाइल येते, आणि व्यवस्थापकाने संध्याकाळच्या बातम्यांआधी ठरवायचं असतं.

ही फाइल जाहिरातीच्या आधी तयार असते. चांगली मोहीम शोधाची सुरुवात स्वतःच्या उमेदवारापासून करते: कर, खटले, जुनी भाषणं, विधिमंडळातलं प्रत्येक मतदान. आपल्यावर काय येणार हे कळलं की मग प्रतिस्पर्ध्याकडे वळायचं. सापडलेल्या वीस-पंचवीस मुद्द्यांची मतदारांच्या पाहणीत चाचणी होते आणि दोन-तीनच उरतात. तीस सेकंदांत पंचाहत्तरच्या आसपास शब्द बसतात. प्रत्येक दाव्याखाली पडद्यावर स्रोत आणि तारीख येते. मग वकील, मग केंद्र. वेळ विकत घेताना रेटिंग पॉइंटांत बोलतात. एक हजार पॉइंट म्हणजे सरासरी प्रेक्षकाला ती जाहिरात दहा वेळा दिसणं. फ्लोरिडासारख्या राज्यात मतदानाच्या दिवसाआधीच लाखो मतं पडलेली असतात, त्यामुळे हे पॉइंट शेवटच्या चार दिवसांसाठी राखून ठेवणारा हरतो.

चुका कुठे होतात, तेही याच हंगामात दिसलं. रिस्टोअर अवर फ्यूचरच्या एका जाहिरातीत म्हटलं होतं, की गिंगरिच यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या नॅन्सी पेलोसींसोबत एका विधेयकाला पाठिंबा दिला आणि त्यातून चीनच्या 'एक मूल' धोरणाला साथ देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमाला वर्षाला ६ कोटी डॉलर जाणार होते. विधेयक खरं, १९८९ चं. सहप्रायोजक म्हणून गिंगरिच यांची सहीही खरी. पण सक्तीच्या गर्भपातासाठी हा पैसा वापरता येणार नाही, असं त्याच विधेयकात लिहिलेलं होतं, आणि ते विधेयक मंजूरही झालं नाही. सुटे तुकडे खरे आणि जोडणी खोटी, हा या धंद्यातला नेहमीचा दोष. तथ्य-तपासणी करणाऱ्यांनी तो दाखवला, तरी तोपर्यंत पॉइंट विकत घेऊन झालेले होते.

दुसऱ्या बाजूला गिंगरिच-समर्थक 'विनिंग अवर फ्यूचर' या सुपर पॅकला कॅसिनो-मालक शेल्डन एडेलसन यांच्याकडून जानेवारीच्या सुरुवातीला ५० लाख डॉलर मिळाले. त्या गटाने रॉम्नींच्या बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीवरचा २८ मिनिटांचा चित्रपट पुढे आणला. नोकऱ्या गेलेले कामगार त्यात बोलतात आणि त्यांचं दुःख खरं आहे. पण त्यातल्या एका कारखान्याचं बंद पडणं बेनने ती कंपनी विकून टाकल्यानंतरचं होतं. स्वतः गिंगरिच यांना जाहीरपणे म्हणावं लागलं, की चुका दुरुस्त करा नाहीतर चित्रपट मागे घ्या. खासगीत सांगायला कायद्याने मनाई, म्हणून जाहीर विनंती. फ्लोरिडात त्यांच्याच मोहिमेने रॉम्नींना सगळ्यात जास्त स्थलांतरित-विरोधी ठरवणारी स्पॅनिश रेडिओ-जाहिरात चालवली होती. सिनेटर मार्को रुबियो यांनी जाहीर नापसंती दाखवल्यावर ती मागे घ्यावी लागली.

सगळ्यात परिणामकारक ठरलेली जाहिरात रॉम्नींच्या मोहिमेची होती आणि तिच्यात नवा शब्द जवळपास नव्हताच. जानेवारी १९९७ मधल्या एनबीसी वाहिनीच्या बातमीपत्राचा तुकडा जसाच्या तसा: निवेदक टॉम ब्रोकॉ सांगताहेत, की सभागृहाने आपल्या सभापतीला, म्हणजे गिंगरिच यांना, नीतिभंगाबद्दल दोषी धरलं. एनबीसीने ती काढायला सांगितलं, ब्रोकॉ यांनी नाराजी जाहीर केली, मोहिमेने ती चालूच ठेवली. तिच्यातलं वाक्य खोटं नव्हतं. ३९५ विरुद्ध २८ मतांनी ठपका ठेवला गेला होता आणि गिंगरिच यांना ३ लाख डॉलर भरावे लागले होते. त्या व्यवहारात करकायद्याचा भंग झाला नाही, असा निर्वाळा करखात्याने १९९९ मध्ये दिला, हे तीस सेकंदांत आलं नाही. मला ही जाहिरात न्याय्य सीमेच्या आतली वाटते. खाली रॉम्नींचं नाव होतं, ती ऐकून कुणाला राग आला तर तो कुणावर काढायचा हे मतदाराला माहीत होतं.

आता पारदर्शकतेच्या भांडणाकडे येऊ, कारण साउथ कॅरोलायनाचा निकाल बराचसा त्यातून फिरला. १६ जानेवारीच्या वादसभेत रॉम्नी म्हणाले, करविवरणपत्र बहुधा एप्रिलमध्ये देईन. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, की आपला कराचा दर १५ टक्क्यांच्या जवळपास असेल. १९ तारखेला चार्ल्सटनच्या वादसभेत त्यांना विचारलं गेलं, तुमच्या वडिलांनी बारा वर्षांची विवरणपत्रं दिली होती, तुम्ही तसं कराल का? जॉर्ज रॉम्नी यांनी १९६७ मध्ये खरंच बारा वर्षांची दिली होती; एखादं वर्ष योगायोगाचं किंवा दिखाव्याचं असू शकतं, हे त्यांचं कारण. मुलाने उत्तर दिलं, 'कदाचित.' सभागृहातून हुर्यो झाली. गिंगरिच यांनी त्याच संध्याकाळी स्वतःचं २०१० चं विवरणपत्र प्रसिद्ध केलं: उत्पन्न सुमारे ३१ लाख डॉलर, कर जवळपास १० लाख, दर ३१ टक्क्यांच्या वर. दोन दिवसांनी मतदान झालं. हरल्यावर तीन दिवसांनी, २४ जानेवारीला, रॉम्नींची कागदपत्रं बाहेर आली. २०१० चं उत्पन्न २ कोटी १६ लाख डॉलरच्या आसपास, कर सुमारे ३० लाख, दर १३.९ टक्के. बरंचसं उत्पन्न भांडवली नफ्याचं होतं आणि त्यावर तेव्हा कमाल १५ टक्के कर होता, तर पगारावर कमाल ३५. बेकायदा त्यात काही सापडलं नाही. एप्रिलपर्यंत थांबण्याच्या हट्टाने साध्या आकड्याचं गुपित बनवलं.

रॉम्नींनीही प्रतिमागणी केली. गिंगरिच यांच्या सल्लागार संस्थेला गृहकर्ज क्षेत्रातल्या फ्रेडी मॅक या महामंडळाकडून किमान १६ लाख डॉलर मिळाले होते आणि एका वादसभेत गिंगरिच यांनी आपण तिथे इतिहासकार म्हणून सल्ला दिल्याचं सांगितलं होतं. करार दाखवा, नीती-समितीची कागदपत्रं दाखवा, असा लकडा रॉम्नींनी लावला. २३ जानेवारीला आधी एका वर्षाचा, २००६ चा करार बाहेर आला: महिन्याला २५ हजार डॉलर, काम 'सल्ला आणि संबंधित सेवा'. इतिहासाचा उल्लेख त्यात नव्हता. त्याच रात्री टॅम्पाच्या वादसभेत रॉम्नींनी दाखवून दिलं, की गिंगरिच यांच्या योजनेत भांडवली नफ्यावर करच नाही, म्हणजे आपल्याला गेली दोन वर्षं काहीच भरावं लागलं नसतं. दराबद्दल त्यांना धारेवर धरणाऱ्याची योजना तो दर जवळपास शून्यावर आणणारी होती. उघड केलेल्या कागदांमुळे चर्चा नीतिमत्तेच्या टोमण्यांवरून धोरणावर आली, ती अशी, आणि त्या पंधरवड्यातली ही मला सगळ्यात मोलाची देवाणघेवाण वाटते.

दोघांनीही समोरच्याकडे सगळं मागितलं आणि स्वतःचं एकेका वर्षाने दिलं, कारण कायदा याबाबत गप्प आहे. आपल्याकडे उमेदवारी अर्जासोबत फॉर्म २६ चं प्रतिज्ञापत्र लागतं. मालमत्ता, कर्ज, खटले, आणि २०१८ पासून मागच्या पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रातलं उत्पन्न. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवाराला मालमत्तेचा तपशील द्यावा लागतो, पण तो टप्प्यांत, '१० लाख ते ५० लाख डॉलर' असा, आणि भरलेला कर त्यात येत नाही. विवरणपत्र दाखवणं ही नुसती प्रथा. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला, की पाच वर्षांची विवरणपत्रं दिल्याशिवाय प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नाव येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने रद्द ठरवला.

उमेदवाराचे कागद निदान वादसभेत मागता येतात. देणगीदाराला तिथे कुणी उभं करत नाही. २०११ च्या जुलैअखेरच्या अहवालात रिस्टोअर अवर फ्यूचरला १० लाख डॉलर देणारी एक कंपनी सापडली. ती मार्चमध्ये स्थापन झाली, एप्रिलमध्ये देणगी दिली, जुलैमध्ये विसर्जित झाली. पत्रकार मागे लागल्यावर ऑगस्टमध्ये बेन कॅपिटलचे माजी अधिकारी एडवर्ड कॉनर्ड यांनी पैसे आपले असल्याचं सांगितलं. टीव्ही-केंद्रांना जाहिरातींच्या खरेदीची नोंदवही ठेवावी लागते, पण जानेवारी २०१२ मध्ये ती बघायला केंद्रात जाऊन कागद चाळावे लागत. मोठ्या शहरांतल्या मोठ्या केंद्रांच्या नव्या नोंदी २०१२ च्या ऑगस्टपासून इंटरनेटवर आल्या, बाकीच्यांच्या २०१४ पासून.

खर्च लवकर कळतो. मतदानाच्या शेवटच्या वीस दिवसांत १ हजार डॉलर किंवा त्याहून जास्त स्वतंत्र खर्च झाला, तर चोवीस तासांत आयोगाला कळवावं लागतं आणि तो कुणाच्या बाजूने की विरोधात हेही लिहावं लागतं. देणगीचं तसं नाही. तिमाही अहवाल देणाऱ्या गटाने मतदानाआधी बारा दिवस अहवाल द्यायचा, पण त्यात विसाव्या दिवसापर्यंतचाच पैसा येतो. मासिक अहवाल देणाऱ्याने मागच्या महिन्याचा हिशेब २० तारखेला द्यायचा. म्हणून फेब्रुवारीत पैसे घ्यायचे, ३ मार्चच्या प्रायमरीत खर्च करायचे आणि २० मार्चला नाव सांगायचं. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायनात 'फेथ अँड पॉवर' या नव्या गटाने सिनेटच्या जागेसाठीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत एरिका स्मिथ यांचं पुरोगामी म्हणून कौतुक करणाऱ्या जाहिराती सुमारे ३० लाख डॉलर खर्चून दाखवल्या. २० मार्चला कळलं, की पैसा रिपब्लिकनांच्या सिनेट लीडरशिप फंडाचा होता. त्यांना स्मिथ यांचे प्रतिस्पर्धी कॅल कनिंगहॅम नको होते. स्मिथ यांनी स्वतः त्या जाहिरातींना नकार दिला होता आणि कनिंगहॅमच जिंकले. त्या जाहिरातीत एकही वाईट शब्द नव्हता. नकारात्मक जाहिरातींवर बंदी घातली असती तरी हा प्रकार अडला नसता.

निवडणूक रोख्यांचा वाद पाहिलेल्या मराठी वाचकाला यातलं दुखणं ओळखू येईल. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ते रोखे रद्द केले, तोवर देणाऱ्याचं नाव मतदाराला कळतच नव्हतं. अमेरिकेत ते कळतं, पण उशिरा, आणि मतपेटी बंद झाल्यावर कळलेल्या नावाचा मतदाराला उपयोग काय? उपाय अवघड नाही. उमेदवाराच्या स्वतःच्या समितीला शेवटच्या वीस दिवसांत १ हजार डॉलर किंवा त्याहून मोठी देणगी आली, तर ती ४८ तासांत कळवावी लागते. मर्यादेत देणग्या घेणाऱ्याला हे बंधन, आणि अमर्याद घेणाऱ्या सुपर पॅकला मात्र नाही. तोच नियम त्यांनाही लावावा.

तोवर प्रायमरीत मत देणाऱ्याने, मग तो न्यू जर्सीतल्या एडिसनचा मराठी माणूस का असेना, अनोळखी गटाची जाहिरात दिसली की आयोगाच्या संकेतस्थळावर त्या गटाचा फॉर्म १, म्हणजे नोंदणीचा अर्ज, उघडावा. त्यावर नोंदणीची तारीख, खजिनदाराचं नाव आणि बँक असते. तारीख मतदानाच्या आधीच्या महिनाभरातली असेल, तर पैसा कुणाचा हे वेळेत कळणार नाही असं धरावं. मग तोच खजिनदार आणखी कोणत्या समित्या सांभाळतो ते बघावं, आणि टीव्ही-केंद्राच्या नोंदवहीत जाहिरातीची वेळ कोणत्या एजन्सीने घेतली तेही. नॉर्थ कॅरोलायनात पत्रकारांना रिपब्लिकनांचा माग मतदानाआधीच लागला होता, तो अशाच नोंदींवरून.